माझ्या पोटातली शेगडी

मी एक बस आहे. गोड बोलणं मला जमत नाही, हे आधीच सांगते. आयुष्यभर मी शिव्या ऐकल्या. उशिरा आले तरी शिव्या, वेळेवर आले तरी शिव्या, कारण वेळेवर आलेली बस माणसाला कामावर नेते.

जन्मले तेव्हा मला अंगच नव्हतं. नुसता सांगाडा, चाकं आणि इंजिन. ड्रायव्हर तोंडाला रुमाल बांधून, गॉगल लावून, एका फळीवर बसून मला उघड्या वाऱ्यात कोल्हापूरपर्यंत घेऊन आला. तिथल्या एका शेडमध्ये मला पत्रे चढले, खिडक्या बसल्या, बाकं आली. मग इचलकरंजीच्या एका सूतगिरणीनं मला कामगारांच्या ने-आणीसाठी घेतलं.

पाळी सुटली की केसांत कापसाची पिंज घेऊन माणसं चढायची आणि खिडकीला डोकं टेकून झोपायची. त्यांच्या तेलाचे गोल डाग माझ्या काचांवर पडले. ते मला कधी वाईट वाटले नाहीत. दमलेल्या माणसाला घरी पोचवणं हे माझं काम होतं.

गिरणीनं गाडी बंद केली आणि मी जुन्या गाड्यांच्या एजंटाकडे येऊन पडले. माझ्या पोटाखाली कुत्री व्यायली, आरशावर वेल चढला. अशात एके दिवशी कृष्णात आणि पूर्णिमा आले.

कृष्णात मंगळवार पेठेतला. दुसऱ्याचा माल टेम्पोत घालून देशभर फिरलेला. पूर्णिमा त्याची बायको. तिनं मात्र लग्नापासून दोनच रस्ते पाहिले होते, सासरहून चंदगडला माहेरी जायचा आणि माहेराहून परत यायचा. तिला समुद्र बघायचा होता. तो म्हणाला, नुसता समुद्र कशाला, सगळंच बघू. गाडीतच घर करू.

एजंट पोट धरून हसला. "पावणं, माणसं बंगला इकून गाडी घेत्यात. तुमी गाडीचा बंगला करालायसा व्हय?"

कृष्णात लाजला आणि खाली वाकून माझा गंज बघू लागला. पूर्णिमा आत चढली. एका खिडकीला डोकं टेकून बसली आणि म्हणाली, "हीच घेऊया."

मला मात्र घर व्हायचं नव्हतं. घर एका जागी बसतं. मी बसून कंटाळले होते.

पेठेत माझं स्वागत झालं ते असं. गल्लीच्या मोकळ्या जागेत मला उभी केली आणि पोरं ओरडली, "सर्कस आली!" शेजारच्या धोंडुबाई रोज कचरा टाकायला यायच्या आणि विचारायच्या, "कृष्णात, हत्ती कवा आणणार हाईस?" एकानं तर मला मयताची गाडी समजून नमस्कार केला.

पण सगळ्यांत जास्त राग बाळासोचा. हा कृष्णातचा थोरला भाऊ. जनावरांच्या पेंडीचं दुकान, एक पिकअप आणि मोठा आवाज एवढी त्याची मालमत्ता. वडील लवकर गेले तेव्हा यानंच घर ओढलं, धाकट्याचं लग्न केलं, स्वतःचं राहून गेलं. घरात आई, तिला सगळे आक्का म्हणायचे, आणि ही तिघं. बाळासो येता-जाता माझ्या चाकाला लाथ मारायचा. "भंगार आणलंय भंगार."

मग माझी बाकं उपटली. प्रत्येक बोल्ट निघताना मी करकरले. बाकांच्या जागी पलंग आला, कपाट आलं, छोटी मोरी आली, छपरावर पाण्याची टाकी बसली. आरटीओचे हेलपाटे घालून कृष्णातनं कागद नीट केले. मी रागानं दरवाजा अडकवून धरायचे. तो बिचारा तेल घालायचा.

शेवटी शेगडी आली. दोन बर्नरची, साधी, खिडकीखालच्या ओट्यावर बसवलेली. त्या दिवशी बाळासो पहिल्यांदाच आत चढला. पलंग बघितला, मोरी बघितली आणि शेगडीपाशी थांबला.

"हे काय?"

"शेगडी, दादा."

"आंधळा न्हाय मी. कशाला?"

"वाटंत च्या, भाकरी..."

"वाटंतली हाटेलं मेली काय? पलंग केलास, गप बसलो. मोरी केलीस, गप बसलो. आता चूल मांडलीस. सरळ सांग की वाटणी पायजे म्हणून!"

मला आधी काही कळेना. मग उमगलं. त्या घरात कुणी कुठूनही परत आलं तरी भाकरी एकाच चुलीवरची खायचं. दुसरी चूल मांडली की भाऊ वेगळे झाले, हे गल्लीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कृष्णातचा सगळा जन्म ढाब्यांवर जेवण्यात गेला होता. त्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

"दादा, तसं न्हाय..."

बाळासोनं शेगडी उपटली आणि दारातनं बाहेर फेकली. ती पूर्णिमाच्या पायाशी पडली. एक पाय वाकला, कडेला पोचा आला. साऱ्या खिडक्यांत माणसं उभी.

लाजरा माणूस चिडला की त्याला थांबता येत नाही. कृष्णात सगळ्यांदेखत ओरडला, "मग समज वेगळं! झालं समाधान?"

बाळासोचा चेहरा तेव्हा मी समोरून पाहिला. मारायला उठलेला माणूस नव्हता तो. घरात एकटा उरणार म्हणून भ्यालेला होता. पण हे तो बोलला असता तर बाळासो कसला?

पुढचे दिवस वाईट गेले. एक भाऊ जेवून उठला की दुसरा पाटावर बसायचा. आक्का दोघांना वाढायची आणि कुणाशीच बोलायची नाही. आपल्या डोळ्यांदेखत घर मोडतंय, एवढंच तिला दिसत होतं. एका सकाळी माझ्या सगळ्या चाकांची हवा गेलेली होती. कुणी सोडली ते मी पाहिलं होतं. बाळासोनंच.

पूर्णिमानं शेगडीचा पाय ठोकून सरळ केला आणि ती परत ओट्यावर बसवली. "मी चोरी केलेली न्हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "आपण जायचं आणि परत यायचं. त्यास्नी काय म्हणायचं ते म्हणू देत."

निघायच्या दिवशी बाळासोनं गल्लीच्या तोंडाला पिकअप आडवी लावली आणि आत बसून राहिला. कृष्णातनं हॉर्न दिला. बाळासोनं दुप्पट दिला. मीही मग माझा गिरणीचा जुना हॉर्न असा काढला की धोंडुबाईंच्या हातातली बादली पडली.

"काढ गाडी, दादा!"

"न्हाय काढत. जायचं तर माझ्या अंगावरनं ने!"

तेवढ्यात घरातून आक्का आली. काखेत पिशवी. कुणाकडे न बघता माझ्या पायऱ्या चढली, पिशवीतून काळा जड तवा काढला आणि दाणकन शेगडीवर ठेवला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाळासो, हा घरातला तवा हाय. माझी भाकरी जिथं, ती घरची चूल. आता माझ्यामागं तू घरात जी पेटवशील ती वेगळी. मग वाटणी कुणी मागितली, ते गल्लीला इचार."

"आक्का, उतर खाली!"

"न्हाय उतरत. समुद्र बघून येणार मी."

"आणि मी काय खाऊ?"

"राग खा. लई हाय तुझ्याकडं."

सगळी गल्ली हसली. बाळासो लालबुंद झाला. त्यानं पिकअपचा गिअर असा ओढला की मला तिची दया आली. पण गाडी मागं घेतली. आम्ही शेजारून गेलो तेव्हा त्यानं मान फिरवली.

आता मी चंदगडला पूर्णिमाच्या माहेरी, काजूच्या बागेजवळ उभी आहे. पावसानं माझं छप्पर बडवून काढलंय. उद्या घाट उतरायचा, समुद्र दाखवायचा. आक्काला माझं काहीच आवडत नाही. "कूस बदलली की घर हालतंय," म्हणते. पोचा आलेल्या बाजूला भाकरी करपते, त्याच्या शिव्याही मलाच.

मघाशी बाळासोचा फोन आला. अर्थात आक्कालाच, पण स्पीकरवर, म्हणून मलाही ऐकू आला.

"जेवलीस काय?"

"जेवले."

"कुठं?"

"घरात."

मग आक्काच म्हणाली, "आणि तू? नवा तवा आण की एक."

"नको."

"मग काय खातुयास?"

"पाव. तवा येऊ दे परत, मग भाकरी." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "त्या शाण्याला सांग, घाटात बिरेक दाबून चालव म्हणावं. भंगार हाय ते."

आक्कानं फोन ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. कृष्णातनं ऐकलं होतं. तो उठला आणि माझे ब्रेक तपासायला खाली गेला.

मला अजूनही घर व्हायचं नाही. पण तिकडं पेठेत एक माणूस रागानं पाव खात बसलाय, आणि त्याचा तवा माझ्या पोटात आहे. समुद्र दाखवला की मला तो पोचवायचा आहे. तेव्हा रस्त्यात मी दिसले तर हसा, सर्कस म्हणा, हवं तर नमस्कार करा. फक्त बाजू द्या.