चिंधी बांधलेलं टमाटं

बियाला राखलेल्या फळाला चिंधी बांधली की त्याला कुणी हात लावत नाही. दुधी असो, दोडका असो, टमाटं असो. बोरी बुद्रुकात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरूबाईच्या लेकानं, गोरखनं, आधी चिंधी सोडली, मग फळ तोडलं. म्हणजे कळूनसवरून केलं.

सरूबाई न्हाणीमागं गेली तेव्हा तिच्या लुगड्याची ती चिंधी वाफ्यात पडली होती.

हे बी तिच्या आईचं. फळ पाकळ्यापाकळ्यांचं, डांगरासारखं, दोन्ही हातांनी धरावं लागायचं. आई त्याला वेलवांगं म्हणायची. दरसाल एक फळ झाडावरच पिकवायचं, त्याचं बी राखेत चोळून ओट्यावरच्या भिंतीला थापायचं. आई गेली. माहेरी भाऊ आता हायब्रीड लावतो. यंदा सरूबाईनं भिंतीवरचं होतं नव्हतं ते बी लावलं, पण करप्याच्या रोगानं सगळी झाडं जाळली. न्हाणीच्या पाण्यावर एक तगलं, त्याला हे एकच फळ धरलं होतं.

दिवस मावळताना लेक फटफटीवरून आला, काखेत भिंतीचं घड्याळ.

"आई, पहिला नंबर! नारायणगावच्या प्रदर्शनात! लोक नुसते वाकून वाकून बघत व्हते."

"टमाटं कुठंय?"

"तिथंच, ताटलीत. कार्ड लावलंय."

"कार्डावर काय लिव्हलंस?"

गोरख हसला. बियाण्याचं दुकान होतं त्याचं. "दुकानातल्या पुडीचं नाव टाकलं. आता बघ, गिऱ्हाईक हटायचं न्हाई."

"चिंधी व्हती रं त्याला."

"एका टमाट्यापायी एवढं काय गं? पोत्यानं बी पडलंय दुकानात. कुठलं पायजे बोल!"

तिच्या आईच्या बियाचं फळ आणि त्यावर भलत्याच पुडीचं नाव. चोरसुद्धा तोंड लपवतो. हा घड्याळ मिरवत होता.

सकाळी पहिल्या जीपनं ती नारायणगावला गेली. मांडव उतरवत होते.

"ताटल्यातली फळं व्हय, मावशी?" झाडणारा म्हणाला. "मागं टाकली. गुरं खात्यात."

मागं गेली. बाजार पडला म्हणून कुणी तरी ट्रॉलीभर टमाटी त्यावरच ओतून गेलं होतं. तांबडा रेंदा झालेला, त्यात गाई उभ्या. सरूबाईनं पदर खोचला आणि हात घातला. सगळी एका साच्यातली, गुळगुळीत. एका गाईच्या तोंडाखाली पाकळ्यांची साल सापडली. आत काही नव्हतं. रेंद्यात मात्र बी होतं, मुठी भरभरून होतं. कुणाचं कुठलं, काय सांगणार? तिनं मूठ उघडली आणि हात पातळाला पुसले.

घरी आली तर ओट्यावरच्या भिंतीला घड्याळ लागलं होतं. राखेचे जुने डाग होते तिथंच खिळा ठोकला होता.

ती न्हाणीमागं गेली. करपा आता त्या झाडाच्याही शेंड्यापर्यंत चढला होता. झाड मुळासकट उपटलं आणि पाण्याच्या चुलीत घातलं. ओलं होतं. पेटेना, नुसतं धुमसत राहिलं.

"आई, धूर लई झालाय गं!" गोरख आतून ओरडला.

"होऊ दे," ती म्हणाली, आणि फुंकणी खाली ठेवली.