माळावरचे नांगर

मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेली त्या वर्षी एका बातमीनं गावाची डोकी फिरवली: पडीक जमीन जो नांगरेल, त्याची. खरं-खोटं कुणी विचारलं नाही. माळावर सगळ्यात आधी नांगर घातला तो देवकाबाईच्या दिरानं, चुन्नीलालनं.

कळलं तेव्हा ती खाली धानाच्या बांधीत होती. हातातला विळा तसाच घेऊन ती चढ चढून गेली. मागून नवरा, केवळराम, थांब थांब करत आला. पण ती थांबणारी नव्हती.

माळ पडीक नव्हताच. केवळरामच्या आज्याच्या काळी तिथं ऐन-मोहाचं रान होतं. त्या पिढीनं ते तोडून, जाळून राखेत कोदो हे भरड धान्य पेरलं. जमीन बरडी, मुरमाड; काही पिकं देऊन थकली. मग खाली तलाव बांधून लोक धानाकडे वळले आणि वर गवत आलं. आलं ते आपसूक, टिकलं ते गावानं राखलं म्हणून. दिवाळीनंतर कापायचं, मग ढोरं सोडायची, फागुनात उरलंसुरलं पेटवायचं. पळसाच्या रोपानं डोकं काढलं की आग नाहीतर बकरी त्याला खाई. गावाची छपरं त्या गवताची, दूधही त्याच गवताचं.

ती नांगरापुढं उभी राहिली, तेव्हा चुन्नीलालला बैल थांबवावे लागले.

"कायले नांगरून राहिला रे?" आजवर त्याला भाऊजी म्हणणारी देवकाबाई म्हणाली.

आपण नाही घेतली तर दुसरा घेईल, असं तो म्हणाला. आणि माळ काही तुझ्या बापाचा नाही, असंही. केवळरामनं बायकोचा दंड धरून तिला बाजूला केलं. भावाला तो चकार शब्द बोलला नाही. दिराच्या बोलण्यापेक्षा हेच तिला जास्त झोंबलं.

मग निम्म्या गावाचे नांगर चढले. पावसात तांबडी माती तलावात उतरली. कोदो त्या साली बरा झाला, चुन्नीलाल मिशीवर हात फिरवत हिंडला. उन्हाळ्यात मात्र धानाची तणस संपली, ढोरांच्या फासळ्या दिसू लागल्या. देवकाबाईची गाभण गाय बसली ती उठलीच नाही. नशीब, केवळराम म्हणाला.

"नशीब नोहे. तुमचा भाऊ," ती म्हणाली. "आन् तुमी."

पुढच्या पावसाळ्यात कोदो वीतभर झाला, तेव्हा भरदिवसा तिनं आपली आणि शेजाऱ्यांची ढोरं चुन्नीलालच्या वावरात घातली आणि काठी घेऊन कडेच्या धुऱ्यावर उभी राहिली. तो धावत आला तर काठी त्याच्यावरच उगारली. सांजेपर्यंत वावर साफ.

पंचांनी बोलावलं. ढोरं कोणी घातली, विचारलं.

"मी ढोरं माळावर नेली," देवकाबाई म्हणाली. "माळ कोनं नेला, ते चुन्नीलालले इचारा."

पंचांतल्या बऱ्याच जणांनी स्वतःच नांगर घातले होते. त्यांनी तिला माफी मागायला सांगितलं. ती उठून चालती झाली. तिच्या वतीनं केवळरामनं हात जोडले. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याचं ताट वाढून ठेवी आणि गोठ्यात निघून जाई.

दोन सालांत बरडीनं हात वर केले. वावरात तरोटा माजला. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत. एका सकाळी चुन्नीलाल अंगणात येऊन उभा राहिला.

"वयनी, सोडलं मी वावर. आता येईल गवत."

"येईल," ती म्हणाली. "तुह्या नातवाच्या काळात."

ती ढोरं सोडू लागली. चराईला आता पलीकडच्या गावच्या रानात जावं लागे, तेही तिथल्या लोकांचे बोल खात. केवळरामनं भावाकडे न बघता कोपऱ्यातली काठी उचलली आणि तो तिच्या मागं निघाला. तिनं त्याला नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही.