डाव्या बाजूचं फूटरेस्ट

कुवेतहून परतणारी माणसं त्या काळी टेपरेकॉर्डर आणायची, घड्याळं आणायची, फार तर फ्रीज. आमच्या वडिलांनी तीन चाकांची गाडी आणली. रिक्षा नव्हे. पुढे एक आणि मागे दोन फुगीर टायर असलेली, एकाच माणसाने बसायची जपानी गाडी, वाळूत, चिखलात, शेतात कुठेही जाणारी. कावेरीकाठच्या तिरुवैयारूला आमची, पिढ्यान्‌पिढ्या इकडे दक्षिणेत राहिलेल्या मराठी घराची, थोडी भातशेती होती, तिथे बांधावरून फिरायला बरी, असं वडिलांचं म्हणणं. बांधावर ती एकदाही मावली नाही. मग उन्हाळ्यात कावेरी आटली की माझा मोठा भाऊ अण्णा ती नदीच्या वाळूत उडवायचा आणि मी मागून धावायचो. चालवायचं त्याने, धुवायचं-पुसायचं मी, ही वाटणी कोणी केली होती कोण जाणे.

अण्णा म्हणजे सीतारामराव, अमेरिकेत स्थायिक, तिथे म्हणे त्याला फार मान आहे. मी भरद्वाज, पापनाशमच्या एका सहकारी संस्थेत कारकून होतो. माझ्या डाव्या पायाचा घोटा वळत नाही. तो ह्याच गाडीने मोडला.

मी सोळा वर्षांचा होतो. अण्णाची परदेशी जायची तयारी चालली होती, घरात सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे. त्या सकाळी अम्माने आम्हा दोघांना दहीभाताचा डबा दिला आणि दारातून "लवकर या" म्हणाली. वाळूत पोचल्यावर अण्णा स्वतःहून म्हणाला, "बस. आज तूं चालव." इतकी वर्षं मी ज्यासाठी गयावया करत होतो ते न मागता मिळालं. मी बसलो. ह्या गाडीत पाय ठेवायला जे फूटरेस्ट असतं त्याच्या लगेच मागे मागचं चाक. पाय फूटरेस्टवरून खाली सुटला की चाक तो ओढून घेतं. पहिल्याच वळणाला डाव्या पायाखालचं फूटरेस्ट गेलं, पाय वाळूत टेकला आणि चाक त्यावर चढलं.

वडिलांनी त्याच दिवशी गाडी शेतावरच्या कोठारात ढकलली आणि कुलूप घातलं. तिच्याकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही. "पहिल्यांदा बसला, आणि गाडीही मोडली, पायही मोडला," असं ते मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. मला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, पापनाशमच्या रेल्वे फाटकाशी मी किती वेळ उभा असायचो ह्यावरून माझी चेष्टा व्हायची. रेल्वेच्या डॉक्टरने माझा घोटा एकदा हलवून पाहिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तरी एक गोष्ट मी जपून ठेवली होती. अण्णा शिष्ट, अण्णा आपमतलबी, अम्माच्या आजारपणात फोनवर सल्ले देणारा, हे सगळं खरं. पण त्याने मला एकदा बसवलं होतं. बायकोशी, श्रीविद्याशी, त्याच्यावरून वाद झाला की मी दरवेळी तेच पुढे करायचो. ती म्हणायची, "तुम्हांला एवढें पुरतें?" मला पुरत होतं.

शेत विकलं गेलं तेव्हा कोठार रिकामं करावं लागलं. पेंढ्याखालून गाडी निघाली. भंगारवाला न्यायला तयार होता, पण मी ती टेम्पोत घालून मेलवीथी रस्त्यावरच्या घरी आणली आणि मागच्या अंगणात उभी केली. श्रीविद्याने कपाळाला हात लावला. अम्मा पंच्याऐंशी उलटून गेलेली, खाटेवरून गाडीकडे पाहत होती.

मी रिटायर होतच होतो. सकाळी अम्माची आंघोळ, औषधं आणि कापी, म्हणजे कॉफी, झाली की अंगणात उतरायचो. इंजिन गंजून आवळलं होतं. त्यात डिझेल ओतून ठेवायचं, रोज पान्याने थोडं हलवून पाहायचं, असं करत एकदाचं ते सुटलं. लेथवाला सांबशिव माझा जुना दोस्त. पिस्टन त्याने एका मोपेडचा बसवून दिला, बेअरिंगं कुठल्याशा ऑटोची निघाली. टायरसाठी कोइमतूरपर्यंत गेलो. राहता राहिला गियर. ह्या गाडीला हाताचा क्लच नाही, डाव्या पायाच्या चवड्याने गियर टाकायचा, आणि माझा चवडा काही वर-खाली होत नाही. सांबशिवाने एक सळई वाकवून गियरचा दांडा टाकीशेजारी वर आणला. हाताने गियर टाकता यायला लागला. त्या दिवशी मी अंगणातल्या अंगणात तिला चार हात पुढे नेली आणि चार हात मागे ढकलली, आणि गंमत म्हणजे मला रडू आलं.

डावं फूटरेस्ट मी शेवटी हातात घेतलं. सांगाड्याला लोंबकळत होतं. सांबशिव म्हणाला नवीनच करू, जुनं कापून टाक. कापायच्या आधी मी पॉलिश पेपरने घासलं, नुसतं कुठे मोडलं ते पाहायला. काळा रंग होता, कंपनीचा नव्हे, सायकलला ब्रशने मारतात तसला. रंगाखाली तार निघाली. बांधकामातली बारीक तार, नीट पिळून गुंडाळलेली, आणि तिच्या वेढ्यांवरून रंग फिरवलेला. माझ्या पायाखाली जे मोडलं असं जगजाहीर होतं, ते आधीच मोडलेलं होतं. कोणीतरी ते तारेने बांधलं होतं आणि कळू नये म्हणून रंगवलं होतं.

कोणीतरी कशाला म्हणायचं? गाडी एकटा अण्णा चालवायचा. काठावरून उडी मारताना मोडलं असणार. वडिलांना कळलं असतं तर ते चिडले असते, आणि परदेशाच्या तिकिटाचं त्यांच्याच हातात होतं. मग त्याने ते बांधलं, रंगवलं आणि म्हणाला, "बस. आज तूं चालव." खापर फोडायला एक डोकं हवं होतं, ते मागून धावतच होतं.

मी अंगणात बसलो आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला पाना भिंतीवर फेकला. पाय गेला ह्याचं दुःख जुनं, त्याची सवय झालेली. पण माझ्याकडे त्याची जी एक चांगली आठवण होती तीच त्याने केलेली सगळ्यात वाईट गोष्ट निघाली.

मी कोणाला बोललो नाही. श्रीविद्यालाही नाही. नवं फूटरेस्ट बसवलं आणि जुना तुकडा तारेसकट फडक्यात बांधून ठेवला. अण्णा नवरात्रात येणार होता, अम्मा आहे तोवर एकदा भेटून जावं म्हणून. मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं. अम्मासमोर त्याने म्हणावं, चूक भरद्वाजची नव्हती. अम्मा फार दिवसांची सोबती नव्हती. वडील ते न ऐकताच गेले, तिने तरी ऐकून जावं.

अण्णा आला. गाडी पाहून खूश झाला, तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, फोनवर फोटो काढले. मग टाकीशेजारच्या दांड्यावर बोट ठेवून म्हणाला, "हें काय लावलेंस? काढून टाक. असल्या गाड्या ओरिजिनल ठेवाव्यात, तेथें लोक ह्यासाठीं जीव टाकतात."

"पायानें गियर पडत नाहीं मला," मी म्हणालो.

"सरी, सरी, बरें," तो म्हणाला, आणि जरा वेळाने, "तरी पण."

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशी मी पाटावर लाल कापड अंथरलं. पाने, पक्कड, हातोडी, श्रीविद्याची विळी आणि शिवणाची कात्री, सगळं धुऊन ओळीने मांडलं. शेवटी फडकं सोडून तारेचा तुकडा ठेवला. आमच्याकडे पूजा मोठा मुलगा करतो आणि प्रत्येक हत्याराला वेगळं गंध-कुंकू लागतं, एकही सुटता कामा नये. एकदा पूजेला मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उचलायची नाही. हे अण्णाही विसरलेला नव्हता. मी ठरवून केलं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

अम्माला खुर्चीत आणून बसवलं. अण्णा एकेका हत्याराला गंध लावत पुढे सरकत गेला. पाना, पक्कड, विळी, कात्री. त्या तुकड्यापाशी त्याचं बोट थांबलं. त्याने ओळखलं. मान वर न करता तो तसाच बसून राहिला, बोटावरचं गंध वाळायला लागलं. मी वाट पाहत होतो. इतकी वर्षं गेली होती, आणखी थोडा वेळ जायला माझी हरकत नव्हती.

"त्यालाही लाव रे," अम्मा म्हणाली. "थांबलास कां?"

अण्णाने पटकन बोट टेकवलं आणि नारळ उचलला.

"अम्मा," मी म्हणालो, "तें काय आहे ठाऊक आहे तुला?"

"न ठाऊक असायला काय झालें? तो मागीलदारीं बसून रंग लावत होता तेव्हां मी विहिरीपाशींच होतें." ती अण्णाकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. "वेल्डिंग करून घेईन म्हणाला होता. राहिलें असेल. बाबांना कळलें असतें तर त्यांनी त्याला पाठवलेंच नसतें."

श्रीविद्या हातातलं तबक तसंच धरून उभी राहिली. अण्णा नारळाच्या शेंड्या उपटत होता.

"आणि माझें?" मी विचारलं. "माझें काय, अम्मा?"

ती खरोखर विचारात पडली. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. "तूं घरींच होतास कीं रे," ती म्हणाली. "तुला कोठें जायचें होतें?"

मग नारळ फुटला, कापूर लागला, सगळ्यांनी नमस्कार केला. मीही केला. चाकांखाली लिंबं ठेवली होती, ती चिरडायला गाडी थोडी पुढे घ्यायची असते. अण्णा म्हणाला नंतर पाहू, आणि आत जाऊन पडला. दिवसभर लोक प्रसादाचं चण्याचं सुंडल खायला येत होते, पाटाकडे पाहून हात जोडत होते. अण्णाने दोनदा श्रीविद्याला सुचवलं की तो तुकडा जरा आत ठेवावा, गंजलेला बरा दिसत नाही. तिने त्याला सांगितलं, "उद्यां सकाळपर्यंत हात लावायचा नाहीं, अण्णा. तुम्हांला ठाऊक आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी मला ती फार आवडली.

अण्णा त्याबद्दल काही बोलेल असं मला अजून वाटत होतं. मी त्याच्या समोर जाऊन बसलो, दोनदा. पहिल्यांदा त्याने मला पंख्याचा वेग कमी करायला सांगितलं. दुसऱ्यांदा डोळे मिटून घेतले.

विजयादशमीला सकाळी पूजा हलवली. अण्णा दुपारच्या रेल्वेने निघणार होता. मी पाने उचलले आणि अंगणात गेलो. नवं फूटरेस्ट खोललं. जुना तुकडा त्याच्या जागी ठेवला, तार पुन्हा पिळून गुंडाळली, आणि डबा शोधून वरून काळा रंग फिरवला. हाताचा दांडाही काढला. रंग वाळेपर्यंत बसून राहिलो. गंध-कुंकू रंगाखाली गेलं होतं, लांबून पाहणाऱ्याला फूटरेस्ट धडधाकट वाटलं असतं.

अण्णा बॅगा घेऊन बाहेर आला. अम्माला श्रीविद्याने ओसरीवर आणलं होतं.

"ओरिजिनल केली," मी म्हणालो. "दांडा काढला. लिंबं चिरडायची राहिलींत, तेवढी पुढें घे. मोठ्या मुलानेंच घ्यायची असते."

त्याने आधी दांड्याची मोकळी जागा पाहिली, मग खाली, डाव्या बाजूला. नवा रंग चमकत होता. त्याचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे पाहायला लागला, आणि मला वाटलं, आता बोलेल. अजून वेळ होता. ते एक वाक्य तो म्हणाला असता तर मी स्वतः पुढे होऊन ती तार तोडली असती.

"बस," मी म्हणालो. "आज तूं चालव."

"नको, सीताराम," मागून अम्माचा आवाज आला. ती खुर्चीचे हात धरून उठायला पाहत होती, श्रीविद्या तिला सावरत होती. "नको बसूं त्याच्यावर. पाय जाईल तुझा."

अण्णा मागे सरला. मी लिंबं उचलून भिंतीपलीकडे टाकली. अम्माला खाली बसवलं तरी ती त्याला जवळ बोलवत होती, गाडीला हात लावू नकोस म्हणून पुन्हा पुन्हा सांगत होती. म्हणजे हे शब्द तिला येत होते. त्या सकाळी, दहीभाताचा डबा देताना, ती आम्हाला फक्त "लवकर या" म्हणाली होती.