आदर्श नवरा

ठरलेला मॉडेल आजारी पडला म्हणून एजन्सीने ऐनवेळी दुसरा पाठवला. फोटोग्राफर लाइटच्या स्टँडचा स्क्रू आवळत होती. तिने मान वळवली, तर दारात तिचा आधीचा नवरा उभा. कानशिलांवर थोडे पांढरे केस आले होते आणि ते त्याला शोभत होते. त्याच्या आईने लहानपणी त्याला हिरो म्हणायला सुरुवात केली होती. ते नाव त्याने तेव्हापासून मनावर घेतलं होतं.

"तू?" तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं नाही."

"मलाही नाही. शर्टाच्या बाह्या दुमड."

जाहिरात भांडी घासायच्या लिक्विडची होती. नवरा सिंकपाशी उभा राहून भांडी घासतोय आणि बायको कौतुकाने बघतेय, एवढंच चित्र. कंपनीचा साहेब त्याला बघताच खूश झाला. "असाच हवा होता," तो म्हणाला. "बायकांनी बघून सुस्कारा टाकावा असा."

फोटोग्राफरला हसू आलं, पण तिने ते कॅमेऱ्याआड ठेवलं. लग्नाच्या सगळ्या वर्षांत या माणसाने इकडची काडी तिकडे केली नव्हती. पाण्याचा रिकामा पेला तो जिथे बसला असेल तिथेच, पायाशी ठेवायचा. आणि मग त्यालाच ठेच लागली की घरात पसारा किती, यावर बोलायचा.

"वजन मागच्या पायावर घे," ती म्हणाली. "खांदे सोड. हनुवटी खाली. अजून खाली."

त्याने घासणी दोन बोटांत अशी धरली होती, जणू मेलेल्या उंदराची शेपटी. चेहरा मात्र लग्नाच्या अल्बममधल्यासारखा, थेट कॅमेऱ्याकडे.

"भांडी घासताना कुणी कॅमेऱ्याकडे बघतं का?"

"बघणारी चांगली असेल तर बघतं," तो म्हणाला आणि त्याने डोळा मारला. या डोळा मारण्यावर ती एके काळी भाळली होती. आता तिने फक्त लाइट थोडा डावीकडे सरकवला, कारण त्याच्या नाकाची सावली ओठावर पडत होती.

बायकोचं काम करणारी मॉडेल नवखी होती. तिने भाबडेपणाने विचारलं, "सर, तुम्ही घरीसुद्धा मदत करता?"

"मदत कसली? घर दोघांचंच असतं," हिरो म्हणाला. वाक्य इतकं गुळगुळीत आलं, की साहेबाने ते लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली ठेवला. मेकअपवाल्या बाईला ती म्हणाली, "मागच्या खोलीत दूध करपलेलं पातेलं आहे ना, ते आण. ही कोरी भांडी फोटोत खोटी दिसतात."

पातेल्याचा तळ डांबरासारखा काळा होता. हिरोने आत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे खरंच घासायचं?"

"घर दोघांचंच असतं म्हणालास ना?"

साहेब बघत होता, त्यामुळे इलाज नव्हता. हिरो घासू लागला. आधी घड्याळ सांभाळून, मग घड्याळ काढून. शर्ट पोटावर भिजला. बसवलेले केस कपाळावर आले.

"झालं?" त्याने विचारलं.

"तळ अजून काळा आहे. कोपर शरीराजवळ ठेव. बोटांनी नको, तळव्याने जोर लाव."

"तुझी हुकूम सोडायची सवय गेली नाही," तो पुटपुटला.

"तेव्हा विनंती होती. ती तू ऐकली नाहीस."

तो पुन्हा पातेल्यावर वाकला. करपलेला एक चिवट तुकडा निघत नव्हता. त्याने ओठ दाबले, भुवया आक्रसल्या आणि पहिल्यांदाच तो आपण कसे दिसतोय हे विसरला. ते बघून नवख्या मॉडेलला खरंच हसू फुटलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. फोटोग्राफरने तेवढा क्षण पकडला.

"हाच," साहेब म्हणाला.

महिन्याभरात ते चित्र चौकाचौकात लागलं. फोटोग्राफरला तिच्या आईचा फोन आला. "किती बदललाय गं तो. तू जरा धीर धरायला हवा होतास."

"आई, तो बदललेला नाही. मी त्याला तसा उभा केलाय."

"फोटो काय खोटं बोलतो?"

"माझा फोटो बोलतो. तेच माझं काम आहे."

आईला ते पटलं नाही. दोन दिवसांनी खुद्द हिरोचा फोन आला. रस्त्यात बायका थांबवून त्याचं कौतुक करत होत्या, एका कार्यक्रमात त्याला सुखी संसारावर बोलायला बोलावलं होतं. बोलता बोलता तो हळवा झाला. "मी आता तो राहिलो नाही. आपण एकदा भेटून बोलूया का?"

"आत्ता तुझ्या सिंकमध्ये काय आहे?" तिने विचारलं.

"कामवाली उद्या येणार आहे," तो म्हणाला.

तिला राग आला नाही. रागावण्याइतकंही तिथे काही उरलं नव्हतं. "कार्यक्रमाला जा," ती म्हणाली. "हनुवटी खाली ठेव," आणि तिने फोन बंद केला.

तिने नकार दिल्याचं कळल्यावर आई आठवडाभर रुसली. मग एका सकाळी तिने फोन केला आणि जावयाचं नावही न काढता विचारलं, "ते लिक्विड तरी चांगलं आहे का गं?"

"बेताचंच आहे," लेक म्हणाली.