उभ्या ट्रकची थरथर

मोटर चिंचोक्याएवढी होती. तिच्या दांडीवर एका अंगाला झुकलेलं वजन – ते फिरलं की सगळं थरथरतं, एवढीच काय ती करामत. आणि त्या एवढ्याशा जिवावर जुन्या ट्रकचं अख्खं इंजिन उभं करायचं... त्यानं ती बोटावर तोलून पाहिली, उगाचच, आणि परत स्टिअरिंगच्या पोटात बसवून झाकणाचे स्क्रू आवळले. मोटर चांगली होती. कालपासून तो तिच्यातच खोट शोधत होता.

व्हिडिओ गेमसाठी हे स्टिअरिंग बनत होतं. ब्रेक, गिअर दुसऱ्यांकडे; त्याच्याकडे फक्त थरथर – ट्रक उभा आहे, इंजिन चालू आहे, तेव्हा चालवणाऱ्याच्या तळव्यांना जे लागतं ते. याच्या हाताला खरं वाटलं की खरं, असा कंपनीत त्याचा दबदबा. त्यासाठी स्टिअरिंग धरायचं नाही, हात नुसते सैल टेकवायचे, डोळे मिटायचे आणि संगणकाच्या पडद्यावरचा थरथरीचा आकडा उतरवत न्यायचा. अठरावर त्याला ट्रक सापडला होता. बस, म्हणून तो तिथे थांबला होता... आणि काल चाचणीवालीनं स्टिअरिंग परत आणून टेबलावर आदळलं. तिला सगळे खडूस म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

“हा ट्रक चालूच नाहीये रे. मेलाय.”

“हात नीट टेकवलेस का?”

“मी टेकवले, आमच्याकडच्या सगळ्यांनी टेकवले. तुझ्या हाताला काय लागतंय, देव जाणे.”

एवढं बोलून ती जेवायला निघून गेली. सगळ्यांचे तळवे काही खोटं बोलणार नाहीत. मग अठराच्या वरचं जे काही त्याला लागत होतं – ते येत कुठून होतं?

त्याच्या बाबांच्या हाताचं अंगठ्यापासून सुरू झालं होतं. पेपर वाचताना कागद फडफडायचा, आई पंखा बंद करायची, तरी फडफडायचा – आणि बाबा म्हणायचे, खिडकीतून वारा येतोय. किती दिवस सगळे त्या घरात वारा शोधत होते... मग शर्टाची बटणं आई लावू लागली, मग दाढी, मग घास. बाबा तेव्हा केवढे होते? हा हिशेब त्यानं कधी केला नव्हता आणि आता तर मुळीच करायचा नव्हता. आज निघताना बायको सहज म्हणाली होती, किल्ल्या कशाला वाजवतोयस? – आणि तो तिच्यावर नको इतका खेकसला होता. त्याला भीती वाटत होती. मरणाची नव्हे, बायको समोर उभी राहून बटणं लावते आहे आणि आपण तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघतो आहोत, याची.

दुपारी खोली रिकामी झाली. पोरालाही सुचेल इतकी सोपी गोष्ट होती, सकाळपासून तो हातात नाही नाही ती कामं घेऊन ती टाळत होता. आकडा शून्यावर आणायचा आणि हात टेकवायचे. त्यानं शून्यावर आणला. हात टेकवले. डोळे मिटले.

ट्रक चालू होता.

थडथड... जरा दम खाऊन पुन्हा थडथड – म्हातारा, खडबडीत, अगदी हुबेहूब. असा त्याला आजवर साधला नव्हता. त्या तसल्या घाबऱ्या मनातही कारागिराचं समाधान क्षणभर चमकून गेलं, आणि त्याचीच त्याला अधिक भीती वाटली.

“बघू,” म्हणत खडूस कधी शेजारी आली, कळलं नाही. तिनं एक तळवा त्याच्या हाताशेजारी स्टिअरिंगवर ठेवला आणि मान तिरकी केली. हात काढायला हवे होते, ते निघेनात.

“हां... आता कसा जिवात आला. हेच तर म्हणत होते मी. किती ठेवलास आकडा?”

पडदा त्याच्याकडे वळलेला होता. ती जराशी वाकली असती तर तिला दिसलं असतं. तीस म्हणून टाकता आलं असतं, तीस चाललंही असतं... कालपासून कळण्याची भीती होती. आता कळलं होतं, आणि ती भीती निमूट निघून गेली होती. तिच्या जागी दुसरी आली – लहानशी, रोजच्या वापरातली. हे हात इथून उचलले की ठेवायचे कुठे?

“सांग की, लिहून घेते.”

त्याला सांगायचं होतं. आकडा नव्हे, दुसरंच. तिनं एवढ्यात आपला तळवा काढून घेऊ नये, एवढंच त्याला कळवळून वाटत राहिलं.