डाव्या पायाचा फोटो

टक्.

कपाटाशी ओढलेल्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. कुणी वर चढलं की तो फरशीवर असा टेकायचा. दोन वर्षं कपाटाच्या माथ्यावर, बुटांच्या खोक्यात, जुन्या टॉवेलखाली पडून राहिलो होतो. तरी तो आवाज मी लगेच ओळखला. टॉवेल बाजूला झाला, उजेड आला आणि त्या उजेडात आईचा चेहरा दिसला. तिने मला फुंकर मारली. माझ्या पंखांवरची धूळ तिच्याच डोळ्यांत गेली. डोळे पुसायला तिला तेवढं निमित्त पुरलं.

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. पण माझ्यासाठी आभाळाकडे मान वर करू नका. मी दोन तळहातांवर मावतो. खऱ्या विमानाचे अठ्ठेचाळीस इंच म्हणजे माझा एक इंच. मी कधी उडालो नाही, उडणारही नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. माझं सारं दुःख पायांचं आहे.

मला घडवणारे विमानतळाच्या कार्यशाळेत विमानांच्या पायांचं काम करायचे. लँडिंग गिअर हा कामावरचा शब्द. घरात सगळे पायच म्हणायचे. सोबती त्यांना ‘चाकवाले’ म्हणत आणि तेही त्या नावाला खुशीने ओ देत. माझे सुटे भाग एका खोक्यातून आले. रविवारी सकाळी चहा झाला की ते खिडकीजवळच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरत आणि मला थोडं थोडं जोडत. त्यांची लेक टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून बघत राहायची. ती एका जागी थांबायची ती तेवढीच. एरवी घरभर गरगरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं.

धड झालं, पंख झाले, रंगही चढला. पायांपाशी गाडं अडलं. खोक्यातून आलेला पाय त्यांनी चिमट्यात धरून उजेडात फिरवला.

“हा पाय आहे? ही तर दात कोरायची काडी!”

“लांबून कुणाला कळणार आहे?” भिंगरीची आई शिवणयंत्रावरून म्हणाली. ती घरी दप्तरं शिवून द्यायची.

“मला कळेल ना.”

“मग झालं! तुम्हाला कळलं म्हणजे अख्ख्या जगाला कळलं.”

काडी कचऱ्यात गेली. मी नुसतं कुठलंतरी विमान नव्हतो, मित्रांनो. त्यांच्या कार्यशाळेत एक म्हातारं विमान होतं, त्याचा मी हुबेहूब धाकटा भाऊ व्हायचा होतो. त्यांनी पुस्तकं चाळली. त्यांत विमानाच्या नाकाचे फोटो, शेपटीचे फोटो, ढगांतले फोटो. पायाशी वाकायला कोण जातंय? शेवटी हेच गेले. जमिनीवर उताणे पडून त्यांनी उजव्या पायाचे चाळीस फोटो काढले. नळ्या, खिळे, झिजलेलं रबर, ग्रीसचे ओघळ, काही म्हणून सोडलं नाही. माप कळावं म्हणून प्रत्येक फोटोत सहा इंची पट्टी धरलेली. त्या फोटोंवरून, भिंगातून बघत, त्यांनी माझा उजवा पाय केला. पाच रविवार लागले.

“आणि डाव्याचे फोटो?” भिंगरीने विचारलं.

“डाव्याला फोटो कशाला? तो मी डोळे मिटून करीन. तिथली ब्रेकची नळी सारखी घासायची. वरिष्ठांची परवानगी काढली आणि मीच तिला नवी वाट करून दिली. तसा पाय दुसऱ्या कुठल्या विमानाला नाही, बेटा.” मग तिच्या नाकाला बोटभर रंग लावून ते म्हणाले, “दोन्ही पायांवर उभं राहिलं की विमान तुझं.”

शिवणयंत्र घरघरत होतं. हे बोलणं आईच्या कानावर गेलं नाही. आणि सहा वर्षांच्या पोरीच्या लक्षात राहिलं ते फक्त शेवटचं वाक्य.

आधी खोकला आला, मग ताप, मग इस्पितळ. पुढच्या रविवारी वर्तमानपत्र अंथरलं गेलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एक दिवस घरात खूप माणसं जमली, पण कुणी मोठ्याने बोललं नाही, आणि मी कपाटावर गेलो.

अडगळीतल्या वस्तूला राग येतो असं तुम्हाला वाटत असेल. मला नाही आला. खाली असतो तर रोज दिसलो असतो, आणि त्या घरात ते कुणाला रोज बघवलं नसतं.

मग भिंगरी आठ वर्षांची झाली आणि एकदा जेवताजेवता तिने सहज विचारलं, “माझं विमान अजून होतंय का गं?” आईच्या हातातला घास हातातच राहिला. दुसऱ्याच दिवशी तिने स्टूल ओढलं.

आईला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिची बोटं सुईच्या नाकाएवढ्या कामाला सरावलेली होती. दोन दप्तरांच्या मध्ये, भिंगरी शाळेत असताना, भात शिजेपर्यंत, असा चोरून मिळालेला वेळ तिने मला दिला. उजव्या पायाचा फोटो तिने मोबाइलमध्ये उलटा करून घेतला. आरशात दिसतो तसा उजव्याचा डावा झाला. स्वतःच्या हुशारीचं तिला हसू आलं. मोडक्या पेनातली नळी कापून तिने दांडा केला, काळा दोरा डिंकात ताठ करून ब्रेकची नळी केली.

ते चुकतंय हे मला कळत होतं. पण मला तोंड कुठे होतं?

पाय बसला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या पायांवर उभा राहिलो. भिंगरीने टाळ्या पिटल्या, शेजारच्या पोरींना बोलावून आणलं. “हात नाही लावायचा! माझ्या बाबांचं आहे,” असं म्हणत ती स्वतः मात्र दर मिनिटाला हात लावत होती. तीन दिवस घरात कुणीतरी परत आल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी मिस्त्रीकाका आले. चाकवाल्यांच्या शेजारी वीस वर्षं काम केलेला माणूस. त्यांनी मला डोळ्यांच्या रेषेत धरलं, फिरवलं, आणि डाव्या पायाशी थांबले.

“काय झालं, भावोजी?”

“काही नाही, वहिनी. छान आहे.”

“तुम्ही छान म्हणताय, पण तोंड तर कडू औषध घेतल्यासारखं झालंय.”

काकांनी मला खाली ठेवलं. “उजवा त्याच्याच हातचा. डावा मात्र असा नव्हता. डाव्याची नळी त्याने स्वतः फिरवून घेतली होती. तेवढंच एक काम त्याचं स्वतःचं म्हणायचं. बाकी सगळं आम्ही कंपनीच्या पुस्तकात बघून करायचो.”

आईचा चेहरा उतरला. “मग आत्ता जाऊन त्याचा फोटो काढू. न्याल ना मला?”

“गेल्या महिन्यात कापलं ते विमान. भंगारात गेलं.” काका फरशीकडे बघत म्हणाले. “मला काय ठाऊक तुम्हाला लागेल म्हणून.”

त्यांनी कागदावर पाय काढून पाहिला. नळी मागून नेली, खोडली, खालून नेली, तीही खोडली. “अंदाजाने काढलं तर तो मला सोडणार नाही,” असं म्हणून पेन्सिल ठेवली.

भिंगरी सगळं ऐकत होती. “म्हणजे हा बाबांचा पाय नाही?” तिने दोन बोटांत डावा पाय धरला आणि काट् करून मोडला. मी पंखावर कललो. आई तिला ओरडली नाही. तिने तो मोडका पाय उचलला आणि मूठ मिटून घेतली.

त्यानंतर आई फोटो शोधायला लागली. कार्यशाळेतल्या जुन्या माणसांना फोन केले, त्यांच्या घरी गेली. “विमानाच्या पायाचे फोटो? अहो बाई, आमच्या लग्नाचे सापडेनात!” एक आजोबा म्हणाले, आणि तरी त्यांनी तीन पेट्या उपसल्या. फोटो शेकड्यांनी निघाले. सगळ्यांत माणसं विमानापुढे ओळीने उभी, हसरी, आणि जिथे डावा पाय असायला हवा तिथे विजारी आणि बूट. एका घरी तर आदल्याच आठवड्यात सगळे जुने फोटो फेकले होते. मित्रांनो, जुने फोटो फेकण्याआधी ते कुणाला तरी दाखवा. तुम्हाला त्यात जे दिसत नाही, तेवढ्यासाठीच कुणीतरी दारोदार फिरत असतं. आणि घरात कुणी म्हणालं की ‘हे मी डोळे मिटून करीन’, तर त्यांना एकदा उघड्या डोळ्यांनी करायला लावा, आणि जवळ बसून बघून ठेवा.

परवा दुपारी मिस्त्रीकाका एक पाकीट घेऊन आले. निवृत्त वैमानिकाच्या वहीतला फोटो, नळीचं काम झाल्यानंतरचा. पुढे सहा-सात माणसं खांद्यांवर हात टाकून हसतायत. मागे, डाव्या पंखाखाली, पाय. मध्ये कुणीच उभं नाही.

आईने फोटो टेबलावर ठेवला आणि भिंग घेतलं. पायाला अगदी खेटून एक माणूस उकिडवा बसला होता, कॅमेऱ्याकडे पाठ करून. चाकाचा खालचा अर्धा भाग दिसत होता. वरचं सगळं, नळी, दांडा, सगळं त्या पाठीने झाकलं होतं. सदऱ्याच्या कोपरावर दप्तराच्या कापडाचं ठिगळ होतं. आईचं भिंग त्या ठिगळावर येऊन थांबलं.

“नेमका आडवा बसलाय, लेकाचा,” काका हसायला गेले, आणि त्यांना ते जमलं नाही.

भिंगरीने आईच्या हातातून भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग पुढच्या हसऱ्या माणसांवरून बोट फिरवलं, एकेकावर थांबत, आणि शेवटी त्या पाठीवर ठेवलं.

“आई, हे सगळे फोटोसाठी उभे राहिले, तेव्हा बाबांना कुणी हाक का नाही मारली?”