घरचे परीक्षक

मोठे मोठे डॉक्टरही परीक्षेत नापास होतात, हे पेशंटांना माहीत नसतं, आणि नसलेलंच बरं. एमबीबीएस झालं, एमडी झालं, तरी रक्ताचे आजार आणि रक्ताचा कॅन्सर यांतलं खास शिक्षण घ्यायचं तर आणखी तीन वर्षं डीएम करावं लागतं. आणि त्याच्या शेवटी शाळेतल्या पोरीसारखं पुन्हा चार परीक्षकांपुढे उभं राहावं लागतं. अमिता ठवकर वयाच्या चौतिसाव्या वर्षी अशी उभी राहिली आणि नापास झाली.

जबलपूरच्या त्या इस्पितळात डीएमच्या जागा दोन, पण त्या भरत कधी नव्हत्या. हुशार पोरं दिल्ली मिळाली नाही तर एक वर्ष घरी बसतील, पण जबलपूर म्हटलं की नाक मुरडतील. अमिता आली ती इथलीच म्हणून. वडील अंबादास डिफेन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेले, घर शहरातल्याच रांझी भागात. तिचं सासर मात्र नागपूरचं. नवरा स्वप्निल आणि लेक समिधा तिकडे, आणि ही इकडे. ती आली तेव्हा समिधा तीन वर्षांची होती. आता ती सहाची झाली होती आणि फोनवर आईशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची. परीक्षा झाली की नागपूरच्या एका नव्या कॅन्सर हॉस्पिटलात पंधरा ऑगस्टनंतर रुजू व्हायचं, हे पक्कं झालं होतं. तीन वर्षं ती त्या एका तारखेवर जगली, असं म्हटलं तरी चालेल.

विभागप्रमुख होते डॉ. चंद्रशेखर बोकारे. तेच तिचे गाइड. साठीला टेकलेले, मूळचे अमरावतीकडचे. त्यांनी तिला शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. हे कबूल करायलाच हवं, कारण माणूस नुसता नालायक असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. समोरासमोर बसून दोघांना रक्ताची एकच काच, म्हणजे स्लाइड, पाहता येते असा मायक्रोस्कोप त्यांनी कुठून कुठून खटपट करून मिळवला होता. एका पेशीवर ते थांबायचे आणि अमिता बोलेपर्यंत हूं की चूं करायचे नाहीत. मे महिन्यात जबलपूरजवळच्या पाटणच्या राधाबाईंची काच आली तेव्हा तिनं एका नजरेत ओळखलं, की हा ल्युकेमिया दोन दिवसांत माणूस नेतो, आणि गोळी वेळेवर सुरू झाली तर पुरता बराही होतो. तिनं त्याच तासाला गोळी सुरू केली. राधाबाई वाचल्या. सरांनी भर वॉर्डात तिची पाठ थोपटली. अंबादास तर सरांना देवमाणूसच म्हणायचे.

या परीक्षेची एक रीत आहे, ती कुठल्याच नियमात लिहिलेली नाही. दोन परीक्षक बाहेरचे असतात, दोन घरचे, त्यांत एक गाइड. बाहेरचे उमेदवाराला एक दिवस पाहतात, गाइडनं तीन वर्षं पाहिलेलं असतं. म्हणून दुपारच्या जेवणात बाहेरच्यांपैकी कुणीतरी सहज विचारतो, आपकी कैंडिडेट कैसी है? गाइड म्हणतो, अच्छी है जी. संपलं. अर्धा निकाल तिथंच लागतो. हे जेवण उमेदवारानं सांभाळायचं नसतं, पण विभागात दुसरं होतं कोण? सदर बाजारातून पुलाव आणि पनीर मागवण्यापासून गरम खोव्याची जलेबी वेळेवर पानात पडेपर्यंत सगळं अमितानंच जमवलं, आणि हात धुऊन परत तोंडी परीक्षेला उभी राहिली.

निकाल लागला त्या संध्याकाळी सर स्वतः रांझीला घरी आले. अंबादासांच्या शेजारी खाटेवर बसले. बाहेरच्यांना लहान गावची पोरगी पुढे गेलेली पाहवत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी पुष्कळ भांडलो, असंही सांगितलं. अमिता त्यांच्यासमोर ढसाढसा रडली. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, जानेवारीत पुन्हा बसू, सहा महिने असे जातील. ते गेल्यावर अंबादास म्हणाले की जगात असा एक माणूस पाठीशी असला तरी पुरे. दोन दिवसांनी नागपूरहून कळवण्यात आलं की आम्हाला थांबता येणार नाही. समिधाला कसं सांगायचं हे स्वप्निलला सुचेना, म्हणून त्यानं सांगितलंच नाही.

आठव्या दिवशी ओपीडी आटोपता आटोपता हैदराबादहून फोन आला. विनता मॅडम होत्या, बाहेरच्या दोघांतल्या एक. मराठी, मोकळ्या स्वभावाच्या. पोरगी खचली असेल म्हणून धीर द्यायला केलेला फोन होता, त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

"तुझ्या स्लाइड्सना मी पूर्ण मार्क दिले गं," त्या म्हणाल्या. "पण जेवताना मी विचारलं, तर बोकारे सर स्वतःच म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण एकटीवर वॉर्ड सोपवावा अशी तयार नाही अजून, सहा महिने राहू द्या. गाइडच असं म्हणाला तर आम्ही कोण बोलणारे? मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या भल्याचंच बोलले ते."

अमितानं त्यांचे आभार मानले. फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की आपण उभ्या आहोत आणि कधी उठलो ते आठवत नाही. एकटीवर वॉर्ड! सर परिषदांना जायचे, सरांच्या मुलीचं लग्न झालं, सरांचा मोतीबिंदू निघाला, तेव्हा हा वॉर्ड कुणावर होता? केसानं गळा कापणं म्हणजे काय, हे तिला त्या घटकेला कळलं. आणि ज्यानं कापला त्याच्याचपुढे आपण रडलो, याची तिला जास्त लाज वाटली.

सर मायक्रोस्कोपच्या खोलीत होते. राउंडवर दोघं हिंदीत बोलत, पण इथं दार लोटलं की मराठीवर येत. अमितानं दार लोटलं आणि मॅडमचा फोन आल्याचं सांगितलं. सरांनी चष्मा काढला. नाकबूल केलं नाही.

ते बराच वेळ बोलले. मॅडमनी विचारलं आणि डोळ्यांसमोर अडतीस पेशंट उभे राहिले, म्हणाले. नवीन कुणी यायला तयार नाही. आपली शुगर वाढलेली, नजर पहिल्यासारखी राहिली नाही. तू गेलीस की या लोकांना कुणाच्या भरवशावर सोडू, असं एकदम मनात आलं आणि तोंडून निघून गेलं. नंतर मागे घ्यायची हिंमत झाली नाही.

"ठरवून नाही केलं, बेटा. एक मिनिट माझा तोल गेला."

"मला काहून नाही विचारलं, सर?"

"तू नाही म्हटली असती."

"तो हक्क होता न माझा. माझी पोरगी तीन वर्षांपासून दिवस मोजून राहिली."

सर रडू लागले. तिनं त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. राग होताच, पण त्या रागाला आता टेकायला जागा सापडेना. जानेवारीत घरचे परीक्षक पुन्हा हेच असणार, त्यामुळे इथून पाय काढायची सोयही नव्हती. एका मिनिटाची चूक, तिनं स्वतःशी म्हटलं. मोठ्या माणसाची असली तरी एका मिनिटाचीच. तेवढी पोटात घालता येईल. तिनं त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि दिवसापुरते येणारे पेशंट जिथं औषध घेतात त्या डे-केअरला ती गेली.

डे-केअरमध्ये राधाबाईंना ड्रिप लावायची होती. त्यांच्या आजारावरचं हे औषध म्हणजे चक्क आर्सेनिक. ते कळल्यापासून राधाबाई येताना सगळ्यांना सांगत, चला, विष घेऊन येते. यजमान रेल्वेतून रिटायर झाल्यावर दोघं पाटणला मुलाकडे राहत होती. मुलगी नागपूरला. अमिताला पाहून त्यांचा चेहरा उजळला. जरा लाजत त्यांनी कबूल केलं की मॅडम पास झाल्या नाहीत म्हणून सगळ्यांना वाईट वाटलं, पण आपल्याला मनातून बरंच वाटलं, देव माफ करो.

"मी तर हर्षाकडे नागपूरला चालली होती बाकीचा इलाज घ्यायला," त्या म्हणाल्या. "बॅग भरली होती. सर म्हणाले, काहून जाता, अमिता मॅडम जानेवारीपर्यंत इथंच आहेत. मग मी बॅग खाली केली."

अमिता सुई टोचायला शीर शोधत होती. तिचं बोट जागच्या जागी थांबलं. "कधी म्हणाले?"

"तुम्ही अभ्यासाच्या सुट्टीवर होत्या तेव्हा. मी रक्त तपासायला आली होती. गुरुपौर्णिमा होती त्या दिवशी, मला पक्कं आठवते. इथं बसलेल्या सगळ्यांनाच सांगितलं त्यांनी, घाबरू नका म्हणून." बाजूच्या खुर्चीवरच्या दोघी बायकांनी हो हो म्हणून माना हलवल्या.

परीक्षा गुरुपौर्णिमेनंतर बारा दिवसांनी होती. त्या पौर्णिमेच्या संध्याकाळी अमिता वडलांना घेऊन सरांच्या घरी गेली होती, नारळ ठेवून त्यांच्या पाया पडली होती. सर म्हणाले होते, यशस्वी हो.

तिनं शीर धरली, सुई आत घातली, पट्टी चिकटवली, थेंब मोजून लावले. हे सगळं नीट झालं.

राधाबाई तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. "काय झालं, मॅडम? तुम्हाला माहीत नव्हतं काय?"

"नाही, राधाबाई," अमिता म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं त्यांनी. मलाच तेवढं सांगायचं राहून गेलं."